जमिनीपासून तीन मीटर

5 एप्रिल 1986 च्या रात्री अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराने आपल्या उंच इमारती एका फ्रेंच संगीतकाराच्या हवाली केल्या. टेक्सासच्या स्वातंत्र्याला दीडशे वर्षं होत होती, शहराच्या स्थापनेलाही तेवढीच. त्या निमित्ताने जाँ-मिशेल जार याने शहराचा मध्यभागच रंगमंच ठरवला. इमारतींच्या भिंतींवर अवाढव्य चित्रं उमटत होती, गच्च्यांवरून आतषबाजी होत होती आणि या सगळ्याला छेदत लेझरच्या रेषा आकाशात जात होत्या. प्रेक्षकांचा आकडा तेरा लाखांच्या आसपास सांगितला जातो. महामार्गावरच्या लोकांनी गाड्या जागच्या जागी थांबवल्या आणि तिथूनच कार्यक्रम पाहिला.

या कार्यक्रमावर एक सावलीही होती. रोनाल्ड मॅकनेर हा अंतराळवीर उत्तम सॅक्सोफोन वाजवायचा. त्याने अवकाशातून वाजवायचं आणि जारने ते सूर आपल्या रचनेत गुंफायचे, असं ठरलं होतं. 28 जानेवारीला चॅलेंजर यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत फुटलं आणि त्यातल्या सात जणांत मॅकनेरही गेला. कार्यक्रम रद्द झाला नाही. तो त्या सात जणांना वाहिला गेला.

इतक्या मोठ्या पसाऱ्यात एक अडचण असते आणि ती निसर्गनियमाची आहे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे रंगमंचापासून एक किलोमीटरवर उभ्या असलेल्या माणसाला ढोलाचा ठोका जवळजवळ तीन सेकंद उशिरा ऐकू येतो. त्याला कलाकाराचा चेहरा दिसत नाही, हातातलं वाद्य दिसत नाही. त्याच्यापर्यंत वेळेवर पोहोचतो तो फक्त प्रकाश. म्हणूनच गर्दी जसजशी वाढते, तसतसा कार्यक्रमाचा भार गवयावरून प्रकाशयोजनाकाराच्या खांद्यावर सरकतो. नाट्यगृहात प्रकाशयोजना नटाला दाखवते. मैदानावर लाखाच्या गर्दीपुढे तीच मुख्य पात्र होते.

पण प्रकाशाची रेषा हवेत दिसते तरी कशी? खरं तर ती दिसायला नको. प्रकाश डोळ्यात शिरला तरच दिसतो, आणि आपल्या समोरून आडवा जाणारा किरण आपल्या डोळ्यात शिरत नाही. स्वच्छ, कोरड्या हवेत शक्तिशाली लेझर आडवा सोडला, तर त्याचा ठिपका भिंतीवर लखलखेल. मधली हवा मात्र जवळजवळ रिकामीच दिसेल. कौलातून घरात उतरणारा कवडसा आपल्याला दिसतो तो त्यात तरंगणाऱ्या धुळीमुळे. प्रत्येक कण थोडा प्रकाश वाटेतून काढून इकडेतिकडे फेकतो आणि त्यातला काही आपल्याकडे येतो. कार्यक्रमाच्या मैदानावर ही धूळ मुद्दाम तयार करावी लागते.

त्यासाठी हेझर नावाचं यंत्र असतं. ते खनिज तेलाचे किंवा ग्लायकोल-पाण्याच्या मिश्रणाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत सोडतं. नाटकात किंवा लग्नात दिसणारं धुराचं यंत्र वेगळं. ते पांढरे लोट सोडतं आणि ते लोट डोळ्यांना दिसतात. हेझरचं काम चांगलं झालं असेल, तर दिवे लागेपर्यंत हवेत काही आहे हे कळतसुद्धा नाही. बंदिस्त सभागृहात हे सोपं जातं. तिथे काळजी करायची ती आगीची सूचना देणाऱ्या घंटेची आणि वातानुकूलनाच्या झोताची. उघड्या मैदानावर मात्र वाऱ्याचा स्वभाव ओळखून यंत्रं मांडावी लागतात. दुपारी आखलेली मांडणी रात्री आठ वाजता वारा फिरल्यावर निरुपयोगी होऊ शकते. कितीही महागडे दिवे आणले आणि हेझ उडून गेला, की उरतात ते खांबांवर लटकणारे नुसते चमकते ठिपके.

यापुढची गोष्ट या सगळ्या कलेचा कणा आहे. कण प्रकाश सगळ्या दिशांना सारखा फेकत नाहीत. कणाचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीएवढा किंवा त्याहून मोठा असेल, तर बहुतेक प्रकाश पुढच्याच दिशेने, मूळ मार्गापासून थोड्या कोनात फेकला जातो. मागे फारच थोडा परततो. हेझचे थेंब साधारण याच आकाराचे असतात. म्हणून आपल्यापासून दूर जाणारा किरण फिका दिसतो आणि आपल्या दिशेने येणारा कितीतरी उजळ. एकच लेझर, तेवढीच शक्ती, तेवढाच हेझ, पण मैदानाच्या मागून रंगमंचाकडे सोडला तर प्रेक्षक त्याची फारशी दखल घेत नाहीत. तोच रंगमंचाच्या मागून प्रेक्षकांकडे सोडला की अंगावर काटा येतो.

लेझर योजनाकाराचं सगळं काम या एका कोंडीत चालतं. किरण डोळ्याच्या जितका जवळून जाईल तितका तो सुंदर, आणि प्रत्यक्ष डोळ्यात गेला तर घातक. सुंदर आणि घातक यांच्यात जी फट आहे, ती अमेरिकेच्या नियमांत मोजून ठेवलेली आहे. घातक ठरू शकणारा किरण प्रेक्षक उभे असतात त्या पातळीपासून किमान 3 मीटर उंच असावा आणि बाजूने त्यांच्यापासून किमान 2.5 मीटर दूर. माणूस हात वर करून, मित्राचा मोबाइल उंच धरून उभा राहिला तरी किरण वरून जायला हवा, हा त्यामागचा विचार.

लेझर यायच्या आधीही मंचावर झगझगाट होताच. 1837 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात चुन्याचा गोळा वायूच्या ज्योतीत तापवून त्याचा शुभ्र झोत नटावर टाकला गेला. 1970 च्या दशकातल्या रॉक कार्यक्रमांत पार जातीचे दिवे ओळीने टांगायचे, प्रत्येकी हजार वॅटचे, आणि प्रत्येकापुढे रंगीत जिलेटिन लावायचं. जिलेटिन नको असलेले रंग शोषून घेतं, म्हणून तापतं आणि काही प्रयोगांतच करपतं. निळा हवा असेल तर हजार वॅटमधला मोठा भाग कागद तापवण्यातच जायचा. शिवाय एक दिवा म्हणजे एक रंग आणि एक दिशा. दहा रंग, दहा दिशा हव्या असतील, तर शंभर दिवे टांगा.

हे बदललं ते अमेरिकेतल्या डॅलस शहरात. तिथल्या शोको कंपनीचे अभियंते रंग बदलणारा दिवा बनवत होते. त्यांनी जिलेटिनऐवजी डायक्रोइक काच घेतली. या काचेवर अतिशय पातळ थर एकावर एक चढवलेले असतात. हवा तो रंग त्यातून पार जातो आणि बाकीचे परत फिरतात, शोषले जात नाहीत, त्यामुळे काच करपत नाही. या काचा मोटरने हलवल्या की रंग बदलतो. मग त्यांच्याच चर्चेत मुद्दा निघाला की आणखी दोन मोटरी लावल्या, तर दिवाच हलेल. 1980 च्या अखेरीस त्यांनी इंग्लंडमध्ये जेनेसिस या बँडला नमुना दाखवला. बँडला फक्त रंग बदलण्याची कल्पना होती. दिव्याने मान वळवली तेव्हा सगळे थक्क झाले आणि बँडने या शोधात पैसे घातले. 1981 मध्ये बार्सिलोनातल्या बैलझुंजीच्या रिंगणात जेनेसिसच्या कार्यक्रमात हे व्हॅरी-लाइट पहिल्यांदा लोकांसमोर फिरले. आज कोणत्याही मोठ्या मंचावर जे मूव्हिंग हेड दिसतात, त्यांचं कूळ इथलं.

दिवे हलू लागले, तशी त्यांना हुकूम देण्याची एक समान भाषा हवी झाली. ती 1986 मध्ये, ह्यूस्टनच्या कार्यक्रमाच्याच वर्षी, डीएमएक्स-512 या नावाने आली. एका तारेतून 512 वाहिन्या, प्रत्येक वाहिनीत शून्य ते 255 मधला एक आकडा, आणि सगळी माळ सेकंदाला सुमारे 44 वेळा नव्याने पाठवली जाते. एका वाहिनीत दिव्याची मान किती वळली, दुसरीत किती झुकली, तिसरीत तेज किती. आजचा एक मूव्हिंग हेड वीस ते चाळीस वाहिन्या खातो, म्हणजे एका तारेवर बारा ते पंचवीस दिवे मावतात. मोठ्या दौऱ्यांत अशा डझनावारी माळा एकाच वेळी धावतात. पदाच्या चौथ्या मात्रेवर सगळे दिवे एकदम प्रेक्षकांकडे वळतात, तेव्हा तिथे कोणी शंभर हात चालवत नसतं. ध्वनिमुद्रणाबरोबर एक कालसंकेत धावत असतो आणि महिनाभर आधी संगणकावर, आभासी मंचावर बसवलेले संच त्या संकेताला जागे होतात. तरी मला वाटतं, गाणं जिवंत असेल आणि गायक मनाला येईल तिथे थांबत असेल, तर कन्सोलवर बसलेला जाणता माणूसच हवा. गायकाचा श्वास संकेताला कळत नाही.

लेझरचा जन्म मनोरंजनासाठी झाला नव्हता. थिओडोर मैमन याने 16 मे 1960 रोजी कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून पहिला लेझर प्रकाश काढला. लोकांसमोर त्याचा खेळ करायला आणखी काही वर्षं जावी लागली. नोव्हेंबर 1973 मध्ये लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत आयव्हन ड्रायर याने 'लेझेरियम' सुरू केलं. तारांगणाच्या घुमटावर संगीताच्या तालावर रंगीत रेषा नाचत. क्रिप्टॉन वायूच्या एकाच लेझरमधून लोलकाने चार रंग वेगळे केले जात.

त्या काळचे वायूचे लेझर म्हणजे सांभाळायला अवघड जनावर. आर्गॉनच्या मोठ्या लेझरला तीन फेजची वीज लागे आणि खाल्लेल्या विजेतला शेकडा एक भागसुद्धा प्रकाश होऊन बाहेर पडत नसे. बाकीची सगळी उष्णता. ती वाहून न्यायला सतत धावतं पाणी हवं. दौऱ्यावरच्या पथकाला गावोगाव आधी विचारावं लागे की मैदानाजवळ पाण्याचा नळ आहे का आणि दाब किती. काचेची नळी प्रवासात हादरली की आरसे पुन्हा जुळवत बसायचं.

आता तोच प्रकाश अर्धवाहकाच्या चिमुकल्या डायोडमधून निघतो. तांबडे डायोड आधी आले. निळ्यासाठी गॅलियम नायट्राइडचे चांगल्या प्रतीचे स्फटिक वाढवावे लागले. त्या कामातूनच निळा एलईडी निघाला आणि त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं. निळ्या डायोड लेझरची वाट त्यांच्याच कामाने मोकळी केली. त्या डायोडमुळे पाण्याचे नळ गेले, तीन फेज गेली, आणि जे यंत्र हलवायला चार माणसं लागायची ते एका हातात धरता येऊ लागलं. इथूनच ते गल्लीतल्या भाड्याच्या दुकानातही पोहोचलं, पण त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

रंगांचं गणित डोळा ठरवतो. दिवसाच्या उजेडात आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त संवेदनशील असतो. लेझरमध्ये वापरले जाणारे रंग साधारण 638 नॅनोमीटर तांबडा, 520 हिरवा आणि 450 निळा असे असतात. एक वॅट हिरवा डोळ्याला एक वॅट तांबड्याच्या साडेतीन ते चार पट आणि निळ्याच्या अठरा-वीस पट तेजस्वी वाटतो. म्हणून चांगला पांढरा हवा असेल, तर यंत्रात तांबड्या-निळ्याचे वॅट जास्त घालावे लागतात. एखाद्या यंत्राच्या जाहिरातीत नुसता 'इतके वॅट' असा आकडा असेल आणि तो बहुतांशी स्वस्त निळ्याचा असेल, तर ते यंत्र दिसायला फिकं, पण डोळ्याला तितकंच धोक्याचं असतं. जाणकार रंगवार हिशेब मागतात.

लेझर चित्र काढतो तेव्हा प्रत्यक्षात काय घडतं, ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत देखणं यंत्रशास्त्र वाटतं. पेटीत दोन इवले आरसे असतात, एक किरणाला आडवा हलवतो आणि दुसरा उभा. प्रत्येक आरसा गॅल्व्हानोमीटरच्या दांड्यावर बसवलेला असतो. जुन्या विद्युतमापकातली सुई जशी प्रवाहाबरोबर वळायची, तसाच तो वळतो. चांगली जोडी सेकंदाला तीस हजार बिंदू आखते. पडद्यावर कोणत्याही क्षणी खरं तर एकच ठिपका असतो. तो इतक्या वेगाने धावतो की डोळ्याला सलग रेष दिसते. चित्र थरथरू नये म्हणून ते सेकंदाला किमान पंचवीसेक वेळा पूर्ण आखायला हवं, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला आले सुमारे बाराशे बिंदू. एवढ्यात काय ते भागवायचं.

आरशाला वजन असतं, त्यामुळे तो कोपऱ्यावर चटकन वळत नाही. चौकोन आखायचा तर प्रत्येक कोपऱ्यावर काही बिंदू एकाच जागी ठेवून आरशाला स्थिरावू द्यावं लागतं, नाहीतर कोपरे गोल होतात. एका रेषेवरून सुट्या दुसऱ्या रेषेवर जाताना किरण विझवायचा, उडी मारायची, आरसा थांबला की पुन्हा पेटवायचा. या उड्याही बाराशेतूनच खर्च होतात. देवनागरी लिहायला बसलं की हा खर्च फार जाणवतो. शिरोरेषा सोपी, एक सरळ धाव. पण 'श्री'मधली वळणं, वेलांटी, मग एखादा अनुस्वार, म्हणजे विझव, उडी मार, ठिपका दे, विझव. लॅटिन लिपीतलं तेवढंच नाव निम्म्या बिंदूंत होऊन जातं. 'गणपती बाप्पा मोरया' एका दमात लेझरने लिहायचं म्हटलं तर अक्षरं लुकलुकू लागतात. मग ते तीन यंत्रांत वाटून घ्यावं लागतं किंवा एकेक शब्द आलटून पालटून दाखवावा लागतो. मराठी अक्षरांसाठी एकेरी रेषेचे, कमी उड्यांचे खास आराखडे कोणी मन लावून बनवले, तर ते सुलेखनाचं मोठं काम ठरेल.

आता डोळ्याकडे. समजा 10 वॅटचा लेझर 30 मीटर अंतरावर आहे. त्याचा किरण तिथे पोहोचेपर्यंत पसरून साडेतीन सेंटिमीटर रुंद झाला, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ झालं सुमारे 10 चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर हजार मिलिवॅट. दुपारच्या रखरखीत उन्हात हा आकडा शंभरच्या आसपास असतो. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो असं धरून दृश्य लेझरसाठी आंतरराष्ट्रीय मानकाने जी मर्यादा घातली आहे ती चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच मिलिवॅटची. आपला किरण त्या मर्यादेच्या चारशे पट निघाला. याच हिशेबाने तो निरुपद्रवी व्हायला सहाशे-सातशे मीटर जावं लागेल.

सूर्याशी तुलना केली तर धोका आणखी स्पष्ट होतो. उन्हात बाहुली आकसून दोन मिलिमीटर होते. अंधारात ती सात मिलिमीटरपर्यंत उघडते, म्हणजे बारा पट प्रकाश आत. सूर्याला आकाशात रुंदी आहे, त्यामुळे त्याची प्रतिमा दृष्टिपटलावर थोडी पसरते. लेझरचा किरण समांतर असल्याने डोळ्याचं भिंग त्याला एका अतिसूक्ष्म ठिपक्यात आणतं. तो ठिपका नेमका मध्यभागी पडला, जिथून आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, तर तिथल्या पेशी भाजतात. दृष्टिपटलाला वेदना नसते. माणूस नाचत राहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रातल्या ओळीच्या मधोमध त्याला डाग दिसतो. भाजलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

जुलै 2008 मध्ये रशियात, मॉस्कोपासून फार दूर नसलेल्या किर्झाच गावाजवळ एका संगीत महोत्सवात हे मोठ्या प्रमाणावर घडलं. लेझर उघड्या आकाशाकडे सोडण्यासाठी आणलेले होते. जोराचा पाऊस आला, लोकांसाठी मोठे तंबू ठोकले गेले आणि किरण त्या छपराखाली गर्दीत फिरले. नंतरच्या दिवसांत मॉस्कोच्या रुग्णालयांत सुमारे तीस जण दृष्टिपटलाच्या इजा घेऊन पोहोचले. यंत्र तेच होतं. बदलली होती ती जागेची भूमिती.

गर्दीवरून मुद्दाम किरण फिरवण्याचा प्रकारही आहे, युरोपात तो बराच चालतो, आणि शिस्तीने केला तर तो सुरक्षित करता येतो. शक्ती कमी करायची, किरण भिंगाने रुंद करायचा, प्रत्यक्ष जागेवर मापकाने मोजायचं. फिरता किरण एका डोळ्यावर क्षणाचा छोटासा अंशच राहतो. पण आरसा अडकला तर सगळी शक्ती एका जागी थांबते, म्हणून आरसा थबकताच किरण तोडणारी यंत्रणा लागते. हे सगळं ज्याला जमतं त्याला शाबासकी आहे. ज्याच्याकडे मापकच नाही त्याने या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोबाइलच्या कॅमेऱ्याचं एक वेगळंच. त्याचं भिंगही किरण एका ठिपक्यात आणतं, पण त्याला पापणी नाही. लेझरच्या कार्यक्रमात चित्रीकरण करताना संवेदकावर कायमची रेघ उमटल्याचे प्रकार घडतात. जो किरण कॅमेऱ्यात सरळ शिरला तो शेजारच्या डोळ्यातही शिरू शकला असता, एवढं त्यावरून समजावं.

महाराष्ट्रात हा विषय मिरवणुकीच्या वाटेने घराघरांत पोहोचला. डीजेच्या गाडीवर ट्रसचा सांगाडा उभा राहतो, त्यावर 'शार्पी' लागतात आणि मध्ये लेझर. शार्पी हा मुळात इटलीच्या क्ले पाकी कंपनीचा 2010 मधला एक दिवा. फक्त 189 वॅटच्या दिव्यातून त्याने इतका अरुंद, धारदार झोत काढला की जगभर त्याच्या नकला झाल्या आणि आपल्याकडे तसल्या प्रत्येक दिव्याला शार्पीच म्हणू लागले. तो लेझर नव्हे. त्याने डोळे दिपतात, गाडी चालवणारा गोंधळतो, पण त्याचा प्रकाश लेझरसारखा सूक्ष्म ठिपक्यात गोळा होत नाही. गाडीखाली उभ्या असलेल्या माणसाला हा फरक कळत नाही, आणि बऱ्याचदा गाडीवरच्या मुलालाही तो कोणी सांगितलेला नसतो.

2023 च्या विसर्जनानंतर पुण्या-नाशिककडच्या नेत्रतज्ज्ञांकडे दृष्टिपटल भाजलेले तरुण आले. पुढच्या वर्षी पुणे पोलिसांनी गणेशोत्सवाच्या काळात लेझर किरणांवर बंदी घातली. विमान उतरवत असलेल्या वैमानिकाचे डोळे दिपण्याचा धोका हे लेझरवरच्या निर्बंधांचं आणखी एक कारण, आणि लोहगावचा विमानतळ शहराला चिकटूनच आहे.

बंदीवर वाद झाले. उत्साहावर घाला, असंही म्हटलं गेलं. पण पुण्यातल्या मिरवणुकीच्या लक्ष्मी रस्त्याची भूमिती डोळ्यांपुढे आणा. स्टेडियममध्ये तीन मीटरच्या नियमाला अर्थ आहे, कारण मैदानावरच्या गर्दीच्या वर मोकळी हवा असते आणि सज्जे कुठे आहेत ते आधी ठाऊक असतं. लक्ष्मी रस्त्यावर तीन मीटर उंचीवर पहिल्या मजल्याची गॅलरी येते. तिथे आजी बसलेली असते, नातवंडं कठड्यातून डोकं बाहेर काढून असतात. किरण खाली ठेवावा तर गर्दी, वर न्यावा तर गॅलरी. दोन्ही बाजूंना दुकानांच्या काचा आहेत आणि सपाट काच किरणाचा काही भाग आरशासारखा परत पाठवते. त्यात गाडी चालत असते, खड्ड्यात हेलकावते, चौकात वळते. दुपारी कोणी काळजीपूर्वक आखलेला कोन संध्याकाळी पन्नास पावलांवर मोडतो. हेझर लागतच नाही, कारण गुलाल, धूळ आणि फटाक्यांचा धूर हवेत भरलेला असतो. किरण त्यात अप्रतिम दिसतो आणि म्हणूनच तो लोकांकडे वळवण्याचा मोह आवरत नाही. चालत्या गाडीवरून, अरुंद रस्त्यात, जास्त शक्तीचा लेझर सुरक्षितपणे चालवण्याची कोणतीही रीत मला माहीत नाही. त्यामुळे मिरवणुकीपुरता तरी बंदीचा निर्णय मला शंभर टक्के योग्य वाटतो.

सौंदर्याच्या बाजूनेही एक तक्रार आहे. दिव्यांच्या संख्येवर तेज ठरत नाही. डोळा फरक पाहतो. अंधारात सरावलेल्या डोळ्याला एक बारीक हिरवी रेष पुरते. झगझगाटात शंभर रेषा वाया जातात. अलीकडे मंचामागे एलईडीची भिंत उभी करून ती पूर्ण तेजात चालवतात. तिचा उजेड हेझमध्ये पसरतो, सगळी हवा दुधाळ होते आणि ज्या किरणांसाठी लाखो रुपये मोजले ते त्यात बुडतात. लेझर दाखवायचा असेल तेव्हा भिंत विझवायला हवी, निदान मंद करायला हवी. ते सांगायचं धाडस योजनाकाराकडे हवं आणि ते ऐकून घेण्याची तयारी आयोजकाकडे. तीन तासांच्या कार्यक्रमात लेझर मिळून दहा-बारा मिनिटं आला तर पुरतो. सुरुवातीच्याच गाण्यात सगळं उधळलं, की शेवटच्या गाण्याला देण्यासारखं काही उरत नाही.

गर्दीकडे प्रकाश फेकण्याऐवजी तो गर्दीच्याच हातात द्यायचा, असाही मार्ग निघाला. जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा प्रत्येक प्रेक्षकाच्या मनगटावर एलईडीची पट्टी होती. दुरून येणाऱ्या संकेतावर ती पेटते, रंग बदलते आणि विझते. योजनाकाराला स्टेडियमभर लाटा उठवता येतात, आणि प्रत्येक दिवा इतका मंद की तान्ह्या बाळालाही त्रास नाही. ज्याला मंच नीट दिसत नाही अशा शेवटच्या रांगेतला माणूसही त्या चित्राचा भाग होतो.

आणि लेझर हवाच असेल, तर मंडळांसाठी जागा आहे ती मंडपात. पुण्या-मुंबईतल्या मंडळांना देखाव्यांची जुनी परंपरा आहे, आणि स्थिर देखाव्यात लेझर सुरेख बसतो. यंत्र हलत नाही, प्रेक्षक कुठे उभे राहणार ते ठरलेलं असतं, आणि किरण लोकांकडे न येता खरखरीत पांढऱ्या पडद्यावर जातो. तिथून विखुरलेला प्रकाश सगळ्यांना दिसतो आणि कोणाला इजा करत नाही. यंत्र लोकांच्या डोक्याच्या बरंच वर, हलणार नाही अशा चौकटीवर आवळायचं. किरणाच्या तोंडापुढे खालच्या बाजूला धातूची पट्टी बसवायची. मग संगणकाने चुकीचा हुकूम दिला तरी पट्टीखाली किरण उतरू शकत नाही. पडद्याजवळ चकचकीत पितळ, काच, आरसा, जरीचं झुंबर काही ठेवायचं नाही. लोक यायच्या आधी रिकाम्या मंडपात कमी शक्तीवर सगळं चित्र चालवून, प्रेक्षकांच्या प्रत्येक जागेवर आणि शेजारच्या प्रत्येक खिडकीच्या रेषेत किरण येतो का ते तपासायचं. आणि यंत्र चालू असेपर्यंत एक माणूस लाल बटणाजवळ, पडद्याकडे नव्हे तर लोकांकडे तोंड करून उभा ठेवायचा. त्याला दुसरं कोणतंही काम द्यायचं नाही, आरतीचं ताट धरायचंसुद्धा नाही.